दीड आटा खोल

मी, शेख वाहिद शेख उस्मान, वय ७१ वर्षे, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी दटावलेले नाही, कोणी चहा पाजून फितवलेले नाही. डोळ्यांना कमी दिसते, पण इंजिन चार घरे पलीकडे खोकले तरी रोग सांगतो. त्यावरून माझी अक्कल ठिकाणावर आहे असे समजावे. मी सांगतो आहे आणि अर्जनवीस घनश्याम बुटले टाइप करीत आहेत.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक यांची वाटणी शरियतप्रमाणे होईल. त्यात मी लुडबुड करीत नाही. पत्नी जैबुनबी हिला माझ्या पश्चात कोणी "अम्मी, आता तू लोहाऱ्याला आमच्याकडे चल" असा आग्रह करू नये. तिचे मन या अंगणात आहे.

२. गॅरेजातली सर्व हत्यारे मुलगा इमरान याला. एकोणीस नंबरचा पाना त्यात सापडणार नाही. तो शेजारच्या लखीरामने १९९९ साली "आत्ता आणून देतो" म्हणून नेला आहे. तो आता त्याचाच समजावा, मात्र माझ्या मयतीला येताना त्याने तो सोबत आणून इमरानला एकदा दाखवावा.

३. आता बोटीची मोटार. धरणावरच्या मच्छीमार सोसायटीने १९९४ साली ती जुनी विकत घेतली आणि एसटीच्या टपावर बांधून माझ्याकडे आणली. मी ट्रक, ट्रॅक्टर, स्कूटर सगळे खोलले होते. पाण्यात चालणारे इंजिन कधी पाहिले नव्हते. सोसायटीचा बोट चालवणारा मारोती पचारे सोबत आला होता. आम्ही दोघांनी पिंपात पाणी भरले, काठाला मोटार अडकवली आणि दोरी ओढली. बाजाराचा दिवस होता. मोटार अशी काही सुरू झाली की अर्धे पिंप लोकांच्या अंगावर! भाजीवाल्या बायांनी शिव्या घातल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मारोती ओलाचिंब होऊन हसत होता. त्याची बायको इंदूबाई त्यानंतर पंधरा वर्षे दर आठवड्याला मासोळ्या पाठवत असे आणि जैबुनबी डबा कधी रिकामा परत करीत नसे. ते दिवस मला फार आठवतात. मोटारीपेक्षा ते दिवस कोणाच्या नावे करता आले असते तर बरे झाले असते.

२००९ साली बोटीला अपघात झाला, त्यानंतर सोसायटीने मोटार भंगारात काढली, ती मी घेऊन दुरुस्त केली. आता ती चालू आहे. ती सोसायटीला परत द्यावी. परंतु मारोती पचारे याने तिला हात लावू नये. कारण त्याला आणि मला दोघांना माहीत आहे.

४. जो कोणी ही मोटार चालवील त्याच्यासाठी कार्बोरेटरच्या सूचना. सुरू होत नसेल तर दोरी ओढून खांदा उतरवून घेऊ नये. आधी जुने पेट्रोल फेकावे. पडून पडून त्याचा चीक होतो. मग खालची वाटी उघडून फ्लोट, म्हणजे आतला तरंगता डबा, वरखाली मोकळा हलतो का ते पाहावे. पेट्रोल जाण्याचा जेट बारीक असतो, उजेडाकडे धरून भोक दिसते का बघावे. त्यात तार घालणाऱ्याला मी कबरीतून शिवी देईन. केरसुणीची काडी चालते. आणि मोटार जोरात नीट चालते, पण हळू केली की बंद पडते, असे झाले तर बाजूचा पितळी स्क्रू दीड आटा, म्हणजे दीड फेरा, खोल ठेवावा.

५. येथे घनश्यामने टाइप करणे थांबवले. जे झाले ते तसेच लिहायला मी त्याला सांगितले आहे.

तो म्हणाला, "चाचा, खोल म्हंजे आत का?"

मी म्हणालो, "आत कायले? खोल म्हंजे खोल. बाहेर."

"मंग 'खोलून' असं सांगा ना. मी तं आतच फिरवला असता."

घनश्याम दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकला आहे आणि त्याचा स्क्रू ढिला नाही. तेव्हा मी त्याला पुढचे टाइप करायला सांगितले.

२००९ साली मारोतीने मला धरणावरून फोन केला होता. "वाहिदभाई, हळू केली का बंद पडून राह्यली." मी यवतमाळला होतो, घाईत होतो. म्हणालो, "पितळी स्क्रू दीड आटा खोल ठेव," आणि फोन ठेवला. माझ्या घरी दार खोलतात, डबा खोलतात, इंजिन खोलतात. मारोतीचा जन्म पाण्यावर गेला. त्याला खोल एकच ठाऊक. त्याने स्क्रू दीड आटा आत फिरवला. सांडव्याजवळ बोट हळू केली, मोटार बंद पडली, वाऱ्याने बोट दगडांवर नेली. बोट फुटली, मारोतीचा पाय मोडला. तो आजही लंगडतो.

सोसायटीच्या सभेत मी सर्वांसमोर म्हणालो, "मी खोल म्हणालो, यानं आवळला." तो म्हणाला, "खोलच ठेवला ना!" सगळे हसले. मीही हसलो. त्याचे बोटीचे काम गेले आणि गावाने त्याचे नाव खोल मारोती पाडले. सोळा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

६. म्हणून लिहून देतो की चूक माझी होती. मारोती पचारे याने जे ऐकले तेच अचूक केले. कलम ३ मधली हात न लावण्याची अट रद्द समजावी. मोटार सोसायटीला न देता मारोतीलाच द्यावी.

७. दुसऱ्या दिवशी हा कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो आणि अंगणात उभ्यानेच वाचला. इंदूबाई म्हणाल्या, "सोळा वर्सं लागले तुमाले? आन हे तुमी मेल्यावर वाचतीन लोकं. त्याच्या आंधी आमच्या यांचंच काही झालं तं?"

त्यांचे म्हणणे खरे आहे. तेव्हा कलम ६ मी येत्या सभेत माझ्या तोंडाने वाचणार आहे.

दुसरा साक्षीदार मिळायचा होता. मारोती म्हणाला, "मी करतो सही." घनश्यामने त्याला समजावले की ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष घालू नये, उद्या कोणी बोट ठेवील, मोटार घ्या नाहीतर सही करा.

मारोती म्हणाला, "मोटार द्या सोसायटीले. मले या कागदावर सही पायजे."

त्याप्रमाणे मोटार सोसायटीला, कलम ६ मधले शेवटचे वाक्य तेवढे रद्द. ती कोणी चालवायची ते मारोती ठरवील.

ठिकाण : घाटंजी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : शेख वाहिद शेख उस्मान

साक्षीदार :
१. प्रेमसिंग आडे, निवृत्त एसटी ड्रायव्हर
२. मारोती पचारे. कलम सहा दोनदा वाचलं. बरोबर आहे.