उभी की आडवी

निजामपुरा, भिवंडी
रविवार, १० डिसेंबर २००६

ती. माधवीताईस,
हरेशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र श्रावणात आलं आणि उत्तर मी मार्गशीर्षात लिहितो आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. विसरलो नव्हतो. पत्र टेबलाच्या खणात सगळ्यात वर होतं. लाल पेन काढायला खण उघडला की दिसायचं. राजकीय क्रांती म्हणजे काय आणि ती आज होऊ शकते का, हे दोन पानांत लिहून पाठव, वाचनालयात बोलायचं आहे, असं तू लिहिलं होतंस. वीस वर्षं मी वर्गात तिची व्याख्या चार गुणांसाठी लिहून देतो आहे: राज्यसत्तेच्या रचनेत थोड्या काळात झालेला मूलभूत बदल. तुला ती पाठवायची लाज वाटली आणि दुसरी सुचली नाही.

गेल्या रविवारी मात्र गावी एक गोष्ट घडली. ती लिहितो, तुझी तू काय ती ठरव.

केसरीनाथने रस्त्याकडचा गाळा देशी दारूच्या दुकानाला दिला आहे, हे तुला ठाऊक आहे. चुलत असला तरी आपला भाऊ, म्हणून आपण कधी काही बोललो नाही. पावसाळ्यात गावच्या बायकांनी दुकान बंद करा म्हणून अर्ज केला. पहिला अंगठा बायजाकाकीचा होता. राघोकाका दारूनेच गेले. त्यानंतर काकीला कोणी काही शिकवावं लागलं नाही. अर्ज मंजूर झाला आणि मतदान लागलं. फक्त बायकांचं आणि गुप्त. कागदावर दोन बाटल्यांची चित्रं असतात. आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान बंद, उभीवर शिक्का म्हणजे चालू. आणि आलेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी घरी बसली ती दुकानाच्या बाजूने धरली जाते.

स्वतःच्या गावात ड्युटी देत नाहीत. पण नेमलेले मास्तर आजारी पडले आणि आदल्या दिवशी मला केंद्राध्यक्ष करून पाठवलं. मी आता गावात राहत नाही, एवढ्यावर त्यांचं भागलं.

सकाळी सातला शाळेच्या पटांगणात रांग लागली होती, ताई. खालच्या आळीच्या बायका, ज्या एरवी मानकोलीच्या गोदामात माल निवडायला जातात, त्या सुट्टी टाकून एकत्र आल्या. पुरुष कुंपणाबाहेर, कडेवर पोरं घेऊन. एकाने ओरडून विचारलं की आज भाकरी कोण थापणार, तर रांगेतून उत्तर आलं, की तुला दुकानाचा रस्ता गावतो तं चुलीचा पन गावंल. सगळी रांग हसली. मला वाटलं, हीच असावी तुझी क्रांती. ज्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं, त्यांना सरकारी कागद घेऊन विचारलं जातं आहे, आणि त्यांना बाहेरच्या माणसांची भीती वाटत नाही.

काकी आत आली, कागद घेतला आणि टेबलापाशी थांबून मला विचारलं, की हरेश, बंद करायची ती यातली कंची रं? मी म्हणालो, काकी, मला सांगता येत नाही. ती कागद घेऊन पडद्याआड गेली.

यादीत बायका ६४०. हवी होती ३२१ मतं. आडवीला पडली ३०९, उभीला ४१. बाकीच्या आल्याच नाहीत. बारा मतांनी दुकान राहिलं. आता वर्षभर पुन्हा मागणी करता येत नाही.

संध्याकाळी पेटी रवाना करून निघालो, तर काकी वाटेत बसली होती. म्हणाली, मी काय चुकले न्हाय, बराबर उभीवर मारला. मी विचारलं, उभीवर का? तर म्हणाली, घरात बाटली उभी हाय म्हंजे बूच लावलेलं हाय, त्या दिवशी मानूस शुद्धीवर. आडवी दिसली का समजायचा, संपवली. बाटली आडवी करा, बाटली आडवी करा, असा ती भोंग्याची रिक्षा दोन दिवस बोंबलत व्हती. आडवी तं आमचे बापे रोजच करतान, त्यात नवा काय?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे की नाही, ठाऊक नाही. निशाचा नमस्कार. उशिरा लिहिलं म्हणून लोभ आटला नसेल, असं धरून चालतो.

तुझा,
हरेश


सांगली
सोमवार, १८ डिसेंबर २००६

चि. हरेश यास,
माधवीचे अनेक आशीर्वाद, उशिरा लिहिलंस म्हणून त्यातले दोन कापून.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काकीसाठी डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा मात्र तुझा राग आला, तो कशासाठी ते लिहिते.

आधी माझी बातमी. वाचनालयाने माझं भाषण बारा जानेवारीला ठेवलं आहे. कार्यवाह म्हणाले, संक्रांतीच्या जवळ आहे, म्हणजे तिळगुळासोबत क्रांतीही देता येईल. या विनोदावर ते स्वतःच इतके हसले, की मला नकार देता आला नाही. अभ्यासमंडळात आपण दोघं पहाटेपर्यंत भांडायचो, ते आठवतं का? मी म्हणायचे, पाच वर्षांत होणार. तू म्हणायचास, आधी व्याख्या करू. पाच वर्षं होऊन गेली, आणखी वीस गेली, आणि तू अजून व्याख्याच करतो आहेस. मी काय केलं, असं विचारू नकोस. मी बँकेत लागले.

आता राग. तू काकीला सांगितलं नाहीस, ते बरोबर केलंस. खुर्चीतल्या माणसाने शिक्का कुठे मारायचा ते सांगायला लागलं, की पुढच्या वेळी तो केसरीनाथचा माणूस असेल आणि तोही सांगेल. तिथे माझी तक्रार नाही. पण मीही चार निवडणुकांची ड्युटी केली आहे. अशा मतदानात दोन्ही चित्रं आणि खाली त्यांचा अर्थ छापलेला मोठा कागद सामानात देतात ना, दाराबाहेर लावायला? रांगेत उभ्या बायकांना तो कोणीतरी वाचून दाखवतं. तुझ्या पत्रात रांग आहे, कुंपण आहे, भाकरीचा विनोद आहे. तो कागद कुठेच नाही. तू इतकं बारकाईने लिहिणारा माणूस, म्हणून विचारते. तो कुठे होता?

आणि दुसरं. काकी एकटीच चुकली का? खालच्या आळीत तिच्या शब्दाबाहेर कोण जातं?

निशाला आशीर्वाद. रागावले आहे, पण परकी झालेली नाही, हे लक्षात ठेवून उत्तर लिही.

तुझी,
ताई


निजामपुरा, भिवंडी
मंगळवार, २६ डिसेंबर २००६

ती. माधवीताईस,
सा. न. वि. वि.

कागद पिशवीत होता.

सकाळी साडेसहाला मी तो उलगडून पाहिला. भिंत ओलसर होती, खळ आणली नव्हती. शिपाई म्हणाला, पिठाची करून आणतो. मी म्हणालो, राहू दे, चित्रं तर आहेत, चित्रं कोणालाही कळतात. हे कारण मी त्या दिवशी स्वतःला दिलं आणि मागच्या पत्रात तुलाही देणार होतो. मग ते वाक्य खोडून पत्र पुन्हा लिहून काढलं, म्हणून तुला खाडाखोड दिसली नाही.

खरं कारण असं, की केसरीनाथ समोर खुर्ची टाकून बसला होता. त्याने मला हात केला. मी तो कागद लावला असता, तर तो म्हणाला असता, मास्तर, भावाच्या पोटावर पाय देताय? नियमाने त्याला काही म्हणता आलं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी कागदाची घडी घातली. दिवसभर मी स्वतःला निःपक्षपाती समजत होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याहून वाईट आहे. गेल्या शनिवारी गावी गेलो. तिथे कळलं, काकी मतदानाच्या आदल्या रात्री खालच्या आळीत घरोघर फिरली होती; मला केंद्रात विचारलं ते नुसतं खात्रीसाठी. प्रत्येकीला बाटली दाखवून सांगितलं, बाय, उभीवर मार. सत्तावीस बायका. नवऱ्याला, सासऱ्याला, केसरीनाथला न जुमानता, एकमेकींचा हात धरून त्या आल्या आणि तिने सांगितलं तसं अचूक केलं. सत्तावीस आडवीला पडली असती, तर दुकान बंद झालं असतं.

म्हणून तुझ्या भाषणासाठी एवढंच लिहितो. क्रांती आज होऊ शकते का? त्या आळीत ती झाली होती, ताई. भीती गेली होती, पुढारी होता, शिस्त होती, दिवसही ठरलेला होता. ती पेटीत उलटी मोजली गेली. आपण मंडळात शस्त्रं, सैन्य, भाकरीचा भाव यांवर बोलायचो. बाटलीच्या चित्राचा अर्थ कोणी ठरवायचा, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला पडला नव्हता. ज्यांनी तो ठरवला, त्यांच्या घरात बहुतेक बाटली नसावी. आणि ज्याचं काम तो सांगायचं होतं, तो मी. हे मी मोठं करून सांगतो आहे का, असंही वाटतं. एका गावातलं एक दुकान. पण याहून मोठी मी पाहिलेली नाही.

तालुक्याच्या कचेरीत देण्यासाठी अर्ज लिहिला आहे. खुलाशाचा कागद लावला नाही, ही चूक केंद्राध्यक्षाची, म्हणजे माझी; मतदान पुन्हा घेता येत असेल तर घ्यावं. चौकशी लागेल, बढती अडेल. निशा म्हणाली, द्या.

काकीला यातलं काही माहीत नाही. ती समजते, वरच्या आळीने दगा दिला. नळावर ती त्यांच्याशी बोलत नाही. मागे तिची शेजारीण होती ती जानकीबाई, तिने पाठवलेली भाजीही परत केली.

राग धरलास तरी धर, पण पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
हरेश


सांगली
मंगळवार, २ जानेवारी २००७

चि. हरेश यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

कार्डच लिहिते, म्हणजे लवकर पोचेल. अर्ज दे. पण मला एक सांग, माझ्या पत्रानंतर कचेरीसाठी अर्ज लिहायला तुला आठ दिवस लागले आणि काकीला सांगायचं तू पत्रात ठरवलेलंसुद्धा नाहीस. तुझा अर्ज पोचल्यावर चौकशीचा माणूस गावात येईल आणि तिला तिची चूक त्याच्या तोंडून कळेल, साऱ्या आळीसमोर. ते व्हायच्या आधी तू जा. ती मोडेल असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही, पण मी सांगलीत आहे. मोडली तरी ती गोष्ट तिची आहे, तिच्यापासून लपवून ठेवायचा हक्क तुला नाही. आपण दोघं जनतेच्या नावाने इतकं बोललो, त्यात जनतेला काय सांगायचं नाही हेही आपणच ठरवायचो.

भाषणात मी तुझं नाव घेणार नाही. काकीचंही नाही, तिला विचारल्याशिवाय.

माया आहे, म्हणूनच टोचते आहे.

तुझी,
ताई


निजामपुरा, भिवंडी
रविवार, ७ जानेवारी २००७

ती. माधवीताईस,
सा. न. वि. वि.

कार्ड काल मिळालं. अर्ज शुक्रवारी देऊन आलो, पोच घेतली. कारकुनाने वाचून विचारलं, मास्तर, कोणी तक्रार केली का? मी नाही म्हणालो. मग तो म्हणाला, मग हे कशाला? मी पोच घडी करून खिशात ठेवली.

आज सकाळी गावी गेलो होतो. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, आलास मास्तर, चहा ठेव, माझे हात गुंतलेत. मी चहा केला. दोन तास बसलो. तिने पुढच्या वर्षीचं सांगितलं: पुन्हा अर्ज करायचा, वरच्या आळीच्या भरवशावर राहायचं नाही, खालच्या पाड्यावरच्या बायकाही जोडायच्या, त्यांनाही तीच उभी समजावायची. तिने बोटांवर मोजत नावं घेतली. एकसष्ट झाली. मी ऐकत राहिलो आणि शेवटी कप विसळून उठलो.

म्हणजे आजही मला सांगता येत नाही असंच झालं. फरक एवढाच, की आज तसं सांगणारा कोणताही नियम नव्हता.

ती उद्यापासून पुन्हा मानकोलीला कामावर जाते आहे. बायकांना न्यायला टेम्पो साडेसातला शेलारच्या नाक्यावर येतो, त्याआधी पाव तास त्या सगळ्या तिथे उभ्या असतात. तिला एकटीला बाजूला घ्यायचं की सगळ्यांसमोर सांगायचं, हे ठरत नव्हतं. आता वाटतं, सगळ्यांसमोर सांगावं आणि चूक माझी म्हणून सांगावी, म्हणजे हसायचं तर त्या मला हसतील.

तुझं भाषण चांगलं होवो. माझ्याबद्दलचं मत उद्यानंतर बनव, तोवर होता तो लोभ सांभाळून ठेव.

तुझा,
हरेश

ता. क. उद्याचं काम: सव्वासातला नाक्यावर पोचणे, घडी घातलेला तो कागद सोबत नेणे, काकीला सांगणे.