दाताच्या आरशातून वाचलेलं पुस्तक

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, तेव्हा हा खुर्चीत बसूनच घातला असं समज.) तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, वहिनीची पाठ बरी असेल आणि जेवणाच्या टेबलावरची तुझी व्याख्यानं रोजच्या रोज चालू असतील, अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत.

पत्रास कारण की, वर्ष संपलं. तू विसरला असशील, मी नाही. बाबांच्या मागे त्यांची खोली आवरताना मी त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाला नुसता हात लावला, तर तू सगळ्या नातेवाइकांसमोर निकाल दिलास की हे कपाट वाचणाऱ्याच्याच घरी जाईल. आणि माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी त्यात रिकामे डबे रचणार होते. मग मोठ्या मनाने म्हणालास, "वर्षभर वाचून दाखव, मग बघू," आणि त्याच कपाटातली एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात कोंबलीस. बाबांनी म्हणे तिची पारायणं केली होती, आणि तू स्वतः दोनदा वाचून दोन्ही वेळा शेवटाला ढसाढसा रडला होतास. दादा, मला ते कपाट हवंच आहे. त्याला पाठ टेकून मी लहानाची मोठी झाले. बाबा वरून पुस्तक काढायचे आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हलकेच टेकवायचे. तेव्हा म्हटलं, होऊन जाऊ दे.

त्या ठोकळ्याला एकदम हात घालायची छाती होईना, म्हणून हलक्यापासून सुरुवात केली. लोकांना ‘नाही’ कसं म्हणावं हे शिकवणारं एक पुस्तक आणलं. ते माझ्याआधी आमच्या ह्यांनी वाचलं आणि पहिलं ‘नाही’ मलाच ऐकवलं. (भांडी घासण्याबाबत.) मग लवकर उठण्याचे फायदे वाचले. लवकर उठले, आणि दवाखान्याच्या टेबलावर डोकं ठेवून पुन्हा झोपले. (मी दातांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारते. तू लोकांना ‘बहीण मेडिकल लाइनीत आहे’ म्हणून सांगतोस, तीच ही नोकरी.) मग खुनाची कादंबरी घेतली, तर एका सुजलेल्या गालाच्या आजोबांनी ती माझ्या टेबलावरून उचलली आणि प्रकरण संपेपर्यंत आत जायलाच तयार होईनात. भूल दिल्यावर, तोंडात कापूस कोंबलेला असताना, त्यांनी खुनी कोण ते मला ओरडून सांगितलं. एक अक्षर कळलं नाही म्हणून रहस्य टिकलं, नाहीतर माझी ती मेहनतही पाण्यात गेली असती.

शेवटी तुझा ठोकळा उघडला. पहिली तीन प्रकरणं सुरळीत. चौथ्याला पान उलटतं कुठे? जुन्या छपाईची पुस्तकं तशीच यायची ना, पानं वरच्या कडेला जोडलेली, आणि वाचणाऱ्याने वाचता वाचता ती कापत जायची. इथे चौथ्या प्रकरणापासून थेट शेवटापर्यंत एकाही पानाला पातं लागलेलं नाही! तू दोनदा वाचलंस म्हणे! आणि रडलास! अरे, भिंतीतून आरपार बघणारा माणूस आमच्या घरात होता आणि आम्हाला पत्ताच नाही!

पातं मीही उचललं होतं. पण कापलं तर पुरावा गेला, एवढी अक्कल मला वाचनाने आली आहे. मग दातांच्या डॉक्टरांचा असतो ना, लांब दांडीचा इवलासा आरसा, तो पानांच्या आत सरकवला, खालच्या उघड्या कडेने टॉर्च धरली आणि पुढचं सगळं पुस्तक तसं वाचलं. अक्षरं उलटी दिसतात, त्यामुळे नायिका हसते आहे की रडते आहे हे कळायला मला एक आठवडा लागला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कीड किती खोल आहे?" म्हटलं, "बरीच. आमच्या घराण्यातच आहे."

आणि दादा, शेवटी त्यात कुणीही मरत नाही. सगळ्यांचं भलं होतं. तू रडलास तो नक्की कशाला?

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
(तुझ्या मते) अडाणी धाकटी

ता. क. रविवारी तू सगळ्यांना जेवायला बोलावलं आहेस. मी टेम्पो घेऊनच येते. पुस्तकही आणते. जेवणं झाली की त्यातलं शेवटचं प्रकरण तू सगळ्यांना वाचून दाखव, पातं मी देईन. किंवा कपाट आधीच रिकामं करून दारापाशी आणून ठेव. तुझी मर्जी.

आणखी एक ता. क. पुस्तक आणत नाही. वर लिहायचं टाळलं, पण पहिल्या तीन प्रकरणांची पानं दाढीच्या पात्याने कापलेली आहेत, वेडीवाकडी, बाबा सगळंच कापायचे तशी. तिसऱ्याच्या शेवटी त्यांचं बसचं तिकीट आहे. म्हणजे तेही तिथेच थांबले. पारायणं कसली न काय! मी आधी खूप हसले, मग रडले. (तुझ्यासारखी नाही, खरंच.) त्या कपाटासमोर मला जन्मभर अडाण्यासारखं वाटायचं, आणि बाबा बिचारे माझ्याच पंगतीतले निघाले. चारचौघांत त्यांची शोभा मी करणार नाही, आणि तूही तोंड उघडायचं नाहीस. पण कपाट मात्र मला दे. तुझा नियम तेव्हा असता ना दादा, तर ते बाबांनाही मिळालं नसतं.