मले वाचता येत नाई

बाई, तुम्ही आमच्या गावात पुरतं दीड वर्षही राहिला नाहीत, आणि मी मात्र चाळीस वर्षं तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. आज म्हटलं, लिहूनच भांडावं. घरात कोणी नाही, सगळे शिरपूरला गेलेत. तुम्ही वसईकडच्या, गळ्यात एवढासा क्रूस. नन नव्हतात आणि लग्नही केलेलं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला कशात धरावं तेच गावाला कळेना. कॅथलिक बायकांच्या कुठल्याशा चळवळीनं तुम्हाला वाशीमजवळ, रिठदच्या या बाजूला धाडलं होतं. माणूस आतून नवा व्हायचा तो रोजच्या कामातूनच होतो, आणि त्यासाठी त्याच्या हाती अक्षर पाहिजे, असं तुम्ही सांगायचात. लोक म्हणत, बाटवायला आली. तुम्ही तर तुमची एक प्रार्थनाही कधी आम्हाला शिकवली नाहीत. आम्हा बायांच्या लिहाय-वाचायच्या वर्गाआधी कोपऱ्यात डोळे मिटून बसायचात, आणि आम्ही पदराआड हसायचो.

मी सतरा वर्षांची, नवी सून. दुपारी सासू लवंडली की तासभर सुटायचे. तिला वाटे, मी शिवण शिकायला जाते. वर्ग सुटताना तुम्ही प्रत्येकीला कागदाचा कपटा द्यायचात. आज कोणती गोष्ट जड गेली आणि तरी केली, ते लिहायचं, घडी घालून मडक्यात टाकायचं. शनिवारी सगळ्या चिठ्ठ्या न वाचता चुलीत. मी विचारलं होतं, "वाचतच नाई, तं चुका कशा काढसान?" तुम्ही म्हणालात, "चुका पाटीवर काढू. हे तुझं आणि देवाचं." "कोन्या देवाचं?" "तुझा जो असेल त्याचं." माझी पहिली चिठ्ठी अजून आठवते: भाकर करपली, कबूल केलं. मनातलं कुठं ठेवायला जागा असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

एक दिवस वर्गाला येता आलं नाही. सासूला तीन दिवसांचा ताप होता आणि तिची जीभ तापातही गार पडली नव्हती. मी घरीच पेन्सिलच्या तुकड्यानं लिहिलं: सासू मेली तर सुटीन असं वाटलं, तरी पाय चेपले. चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. दुसऱ्या दिवशी सासूनंच ती गाठ सोडली. शेजारणीनं आधीच तिचे कान भरले होते, की थे बाई नावं लेहून मडक्यात टाकते अन् जाळते, करणीच हाय थे.

भर दुपारी तिनं मला दंडाला धरून तुमच्या खोलीवर आणलं. मागं पाच-सात बाया आणि थोरले दीर, सहीपुरते शिकलेले. सासू तापानं थरथरत होती. "काहून वं, माह्यं नाव जाळून राह्यली?" तिनं चिठ्ठी माझ्या तोंडासमोर धरली. "तू लिवलं ना? वाच आता."

तुम्ही तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभ्या. आणि मी म्हणाले, "मले वाचता येत नाई. बाईनं लेहून देल्लं."

मग चिठ्ठी तुमच्या हातात गेली. तुम्ही अक्षर ओळखलंत. डोळे ओळीवरून फिरले, मग माझ्यावर आले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला पुढं जगणं सोपं गेलं असतं. "मी हे वाचणार नाही," एवढंच बोललात आणि चिठ्ठी चुलीतल्या निखाऱ्यावर टाकलीत. बाया किंचाळल्या. सासू खाली बसून लहान पोरीसारखी रडायला लागली, "जाळलं वं माय, माह्यं नाव जाळलं." ती दुष्ट नव्हती हो. मरणाला भ्याली होती. तिसऱ्या दिवशी तुमची बैलगाडी वाशीमच्या रस्त्याला लागली. मी दारातही आले नाही.

भांडण इथंच आहे. 'सासूचे पाय चेपले' एवढं तरी वाचून दाखवायचं होतं! ते तर खरंच होतं. अर्धं वाचण्यानं तुमचा देव काय रागावणार होता? चाळीस वर्षं मी इथंच येऊन अडते. मग आठवतं, तेवढं अर्धं मलाही वाचता आलं असतं.

सासूचा ताप चार दिवसांनी उतरला, आणि ती पुढं अकरा वर्षं जगली. तिचं सगळं मीच केलं. पण त्या दिवशी जे बोलले ते निभवावं लागलं. माहेरचं पत्र आलं की कोणाला तरी बोलावून वाचून घ्यायचे. माय गेल्याचं कार्ड मी हातात घेताक्षणी वाचलं होतं, आणि वाचणारा माणूस शेतातून परत येईपर्यंत भाकरी थापत बसले. डोळ्यांतून पाणी काढायचीही सोय नव्हती. वाचत मात्र गेले, दुकानातल्या पुड्यांचे कागद, नंतर पोरांची पुस्तकं, सगळं चोरून. सासू गेली, नवरा गेला, आता कोणाची भीती उरली नाही. तरी सांगू कशी? इतकी वर्षं काहून लपवलं, असं पोरं विचारतील, आणि मग तुमच्यापर्यंत यावं लागेल. तुम्ही गेल्याचं वाशीमच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनं सांगितलं. तोवर तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली होती. सोसायटीत कर्जाच्या कागदावर मी अजून अंगठाच लावते.

आता हे कुठं धाडू? आणि पत्ता असता तरी, माझ्या अक्षरातलं पाकीट टपालात टाकायला मी कोणाच्या हाती दिलं असतं?

गेल्या महिन्यात नात म्हणाली, "आजी, तुले लेहाले शिकवू काय?" मी हो म्हणाले. रोज संध्याकाळी ती माझा हात धरून पाटीवर अ गिरवून घेते, आणि मी मुद्दाम वाकडा काढते. परवा विसरून सरळ निघाला. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी, तुले लय लवकर येऊन राह्यलं वं!" आणि बाई, खरं सांगते, मला त्या शाबासकीचा आनंद झाला.