समोरची जागा

प्रिय व्हर्लिन,

तू वरच्या काचेच्या डब्यात डोंगरांची वाट बघत बसलायस आणि मी इथे आपल्या खोलीत. एकाच गाडीतून जाणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहिणारी बाई माझ्या तरी ऐकिवात नाही. पण तोंडाने बोलायला गेले तर भांडण होईल, म्हणून लिहिते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. का ते शेवटी कळेल.

लग्न झाल्यापासून आपली प्रत्येक सुट्टी मोटारीतूनच झाली. तू स्टिअरिंगवर, मी शेजारी नकाशा आणि सँडविचचा डबा मांडीवर घेऊन. आगगाडीचं नाव काढलं की तू म्हणायचास, दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसायचं ती सुट्टी कसली! दुधाचा टँकर चालवण्यात जन्म गेलेल्या माणसाला काय समजवायचं, म्हणून मीही नाद सोडला होता. आणि मग मार्चमध्ये तू आपणहून या गाडीची तिकिटं टेबलावर आणून ठेवलीस. चर्चमधल्या कॉफीच्या वेळी मी सगळ्यांना सांगत सुटले, आमचा म्हातारा सुधारला! मनातलं मात्र कुणाला सांगितलं नाही. गेलं वर्षभर तू माझ्याकडे सरळ बघत नाहीस, व्हर्लिन. बोलताना तुझी नजर माझ्या कानाकडे घसरते. मला वाटायचं, कंटाळला हा आपल्याला. या एवढ्याशा खोलीत समोरासमोर बसल्यावर तरी बघेल, अशी वेडी आशा धरून मी नवा निळा स्वेटर घेतला.

तर काल संध्याकाळी जेवणाच्या डब्यात तो वाढपी ओडेल आला आणि त्याने आपल्याला बसवलं. नवराबायको एका बाकावर, परकं माणूस समोर, असा त्यांचा रिवाज. समोर येऊन बसली ती लोरेटा. तांबूस रंगवलेले केस, बोटात निळ्या खड्याची अंगठी. आणि बसल्या बसल्या मान वाकडी करून तुझ्याकडे तिरक्या नजरेने बघायला लागली की! या वयात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी जेवताना ‘मीठ दे’च्या पुढे न जाणारा तू, तिला बर्फात अडकलेल्या टँकरची गोष्ट हातवारे करून सांगत होतास. मेनू मला वाचायला लावलास, तेव्हा क्षणभर बरं वाटलं, म्हटलं, लाडात आलाय. तेवढ्यात ती म्हणाली, माझ्यासाठीही जरा वाचाल का? घ्या! तुम्ही दोघं गप्पा मारणार आणि मी स्टेकबरोबर भाजलेला बटाटा हवा की कुस्करलेला ते विचारणार.

सकाळी नाश्त्याला तू ओडेलला हळूच सांगितलंस, आम्हाला त्याच बाईंबरोबर बसव. मला ऐकू येतं हो अजून. नंतर डोकं दुखतंय म्हणून मी खोलीत बसले, पण राहवलं नाही. वर येऊन पाहिलं तर तुम्ही खांद्याला खांदा लावून बसलेले. तू अंगठा डोळ्यांसमोर धरून इकडेतिकडे हलवतोयस आणि ती हसतेय. खिडकीबाहेर नुसता गव्हाचा सपाट मुलूख, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे तुम्ही एकमेकांनाच बघत होतात, असं धरून मी तशीच मागे फिरले.

दुपारी हाव्र आलं, तिचं गाव. निरोपापुरती मी वर आले, तू तिची बॅग आणायला खाली गेलास आणि काचेच्या डब्यात आम्ही दोघीच राहिलो. सकाळपासून घोटून ठेवलेला टोमणा मी मारला. म्हटलं, घरी कुणी वाट बघणारं आहे की नाही? तिने माझा हात हातात घेतला, तोंड खिडकीकडे वळवलं आणि त्याच तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे!

“आर्डिस, मला समोरचं माणूस सरळ दिसत नाही,” ती म्हणाली. “मधलं सगळं पुसलं जातं, कडेचं तेवढं राहतं. म्हणून बाजूला बघायचं, की माणूस दिसतो. व्हर्लिनलाही जमेल. तुम्ही सगळं समजून घेतलंत, म्हणून बरं.”

तिला वाटत होतं, मला माहीत आहे. मी मान हलवली. काय करणार? नवऱ्याचं दुखणं आपल्याला परक्या बाईकडून कळतंय, हे तिला कसं सांगू?

मग खिडकीतून बघत राहिले. प्लॅटफॉर्मवर तू तिला हात हलवून निरोप देत होतास, आणि दोघंही एकमेकांच्या जरा बाजूला बघत होतात. तेव्हा सगळं उलगडलं. गुडघ्याचं कारण सांगून विकलेला तुझा पिकअप. मेनू. डोळ्यांसमोर हलवलेला तो अंगठा. डोंगर दिसताहेत तोवर बघून घ्यावेत म्हणून काढलेली ही तिकिटं.

तरीही खरं सांगते, जळफळाट गेला नाही, वाढलाच. तिचे केस नकोत मला आणि अंगठीही नको. तू तिला जे सांगितलंस ते मला हवं होतं, आणि तिच्याआधी हवं होतं. परक्या माणसाला सांगणं सोपं असेल, ते पुढच्या स्टेशनला उतरून जातं. मी कुठे उतरणार?

तर पत्राचं कारण हे. रात्रीच्या जेवणासाठी मी ओडेलला सांगून आलेय, आम्हाला समोरासमोर बसव. तो म्हणाला, जोडपी शेजारी बसतात, मॅडम. मी म्हटलं, आज आमची ओळख नाही असं समज. तेव्हा ये. हवं तर नाव विचार माझं. मग तिला सांगितलंस तसं पहिल्यापासून सांग. मी निळा स्वेटर घालून येते. माझ्या कानाकडे बघ, खुशाल बघ. आता मला कळेल, तू माझ्याकडेच बघतोयस. आणि हे अक्षरही लागलं नाही तर पत्र बरोबर घेऊन ये, मेनूनंतर तेही वाचून दाखवीन.

तुझीच, आणि कुठेही न उतरणारी,
आर्डिस