लाल गाडीचं डोकं

१५ जून, रविवार
ठराव: ओजस जायच्या आत गाडीचं ट्यूनिंग करून घेणे. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन प्रोग्रॅम भरणे. गाडी २००८ ची, टू-डोर, लाल. शरीर ठणठणीत आहे, डोकं तेवढं सतरा वर्षांपूर्वीचं.
आज मध्य मार्गावर अ‍ॅक्टिवावरच्या एक आजी हात दाखवून पुढे निघून गेल्या. ओजस म्हणाला, पापा, मुझे यहीं उतार दो, ऑटो ले लूँगा. उतरवलं.
१३ जुलैला तो पुण्याला चालला. पहिली नोकरी. त्याआधी एकदा मोरनीच्या घाटात माझ्या शेजारी बसून त्याने ‘वाह पापा’ म्हणायला हवं. एकदाच. बाकी काही नको.

१७ जून
लंचमध्ये दोन तास फोरम वाचले. अर्धे लिहितात, जुन्या, टर्बो नसलेल्या गाडीत ट्यूनिंगने फारसा फरक पडत नाही. हे निराशावादी. उरलेले अर्धे लिहितात, गाडीचा कायापालट झाला. हे अनुभवी.

२१ जून, शनिवार
मोहालीला देवेंद्रजींचं गॅरेज. चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजतात. गाडीत मीच बसलो. माझ्या गाडीचं पेडल परक्या पायाने दाबायचं नाही, हा नियम.
पुस्तकात १४० हॉर्सपॉवर. मशीन म्हणतं ९४.
देवेंद्रजी ओरडले, पूरा दबाओ जी. म्हटलं, पूराच दबाया है. तर म्हणे स्क्रीनवर सत्तर टक्केच दिसतंय. म्हटलं, आपका स्क्रीन पुराना होगा. त्यांनी स्क्रीन फडक्याने पुसला. मग म्हणाले, टर्बो नाही, सॉफ्टवेअरने पाच-सात हॉर्सपॉवर मिळाली तर मिळाली. आधी प्लग, फिल्टर, सेन्सर बघू.
माणूस प्रामाणिक आहे. धाडस कमी.

२३ जून
वासंती गाडीतली गोधडी धुवायला मागतेय. आईची गोधडी. दोन वर्षं चौपदरी घडी करून पायाखाली घालतो, म्हणून तर कार्पेट नवंकोरं आहे. म्हटलं, इथे इंजिनचा जीव टांगणीला लागलाय आणि तुला धुण्याचं पडलंय. ती म्हणाली, अहो, वास येतो. दुर्लक्ष केलं.

२८ जून, शनिवार
नवे प्लग. नवा फिल्टर. सेन्सर दिल्लीहून मागवलेला. परत रोलरवर. ९६.
स्क्रीनवर परत सत्तर टक्के. देवेंद्रजींनी चष्मा काढला, पुसला आणि अदबीने विचारलं, सरजी, घुटने में कोई तकलीफ? अपमान गिळला. म्हटलं, प्रोग्रॅम चढवा. ते नको म्हणाले. मी हट्ट धरला. जबाबदारी माझी, अशी सही करून दिली.

२९ जून
१०१! आवाजात वजन आलंय. पेट्रोलचा थोडा वास येतो. वासंती नाकाला पदर लावून बसली. तिला सांगितलं, हा ताकदीचा वास.

३ जुलै, गुरुवार
पीयूसीत गाडी नापास. धूर मर्यादेच्या दुप्पट. इथले ट्रॅफिकवाले सख्ख्या भावाला सोडत नाहीत. म्हणजे गाडी घरी. दहा दिवस उरले. ओजसला सांगितलं, सर्व्हिसिंग चालू आहे.

७ जुलै, सोमवार
देवेंद्रजींनी जुना प्रोग्रॅम परत टाकला. पीयूसी पास. ताकद ९६. तीन आठवडे धावून जिथे होतो तिथेच.
ओजसला विचारलं, शनिवारी मोरनीला जाऊ? म्हणाला, देखते हैं. मग थांबून म्हणाला, टैक्सी कर लें, पापा?
बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो. वाईट वाटलं. फार.

११ जुलै, शुक्रवार
ओजसने न सांगता गाडी धुतली, आतून-बाहेरून. जाणारं पोर असं वागतं. पायाखाली वर्तमानपत्र घातलेलं. गोधडी गायब. वासंती जिंकली, असो.
संध्याकाळी सेक्टर १७ च्या सिग्नलला हिरवा झाल्यावर गाडी सुटलीच! पुढच्या बसवर आदळता आदळता वाचलो. आनंद मावेना. उलगडा झाला: ट्यूनिंग लोणच्यासारखं मुरावं लागतं. काढून टाकलं तरी असर राहतो. हे फोरमवर कुणीच लिहिलेलं नाही. देवेंद्रजींना सविस्तर मेसेज केला. त्यांनी नुसते हात जोडलेले पाठवले.

१२ जुलै, शनिवार
मोरनी. सकाळी सात. ओजस शेजारी. पहिल्या वळणानंतर सरळ रस्ता दिसला. पेडल तळापर्यंत दाबलं.
पुढचं नीटसं आठवत नाही. एक दगडी कठडा अंगावर आला, एवढं आठवतं. आणि ओजसचं हसणं. लहानपणी हसायचा तसं. ‘वाह, पापा!’ म्हणाला. दोनदा.
चहाच्या टपरीवर थांबलो. दोन चहा सांगितले. त्याला मुरण्याची थिअरी समजावली. त्याने पूर्ण ऐकून घेतली. मग हळूच म्हणाला, पापा, दादी की गोधडी पेडल के नीचे थी. पेडल पूरा जाता ही नहीं था. मैंने कल निकाली.
दोन घोट चहा प्यायलो.
तो म्हणाला, दो साल से, पापा?
कंबर धरलीय म्हणून किल्ली त्याच्या हातात दिली. घाट त्याने उतरवला. सुरेख चालवतो. माझ्याहून कितीतरी सुरेख. हे इथेच लिहितोय.

१३ जुलै, रविवार
ओजसला एअरपोर्टला सोडलं. पाया पडला, मग मिठी मारली. हसत होता, मला सांगितलं नाही कशाला ते.
येताना एकटा. गाडीला नुसता पाय लावला तरी धावते. भीती वाटली. तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. अ‍ॅक्टिवा गेल्या, सायकलीही गेल्या.
गोधडी गॅलरीत वाळली होती. पेडलचा चौकोनी ठसा धुऊनही गेलेला नाही. घडी करून परत पेडलखाली घातली. या वेळी आठपदरी.
वासंतीने विचारलं, परत कशाला? म्हटलं, कार्पेट खराब होतं.