आर्मासने रचलेल्या चुली

८ फेब्रुवारी, शनिवार

आर्मास येत नाही म्हणे! स्कींना मेण घासून झालं, घसरगाडीवर सामान बांधून झालं, आणि आमचे बंधुराज सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, फळीवर बसून सांगतात, डॉक्टरने विश्रांती घ्यायला सांगितलंय. हृदय जरा कुरकुरतंय, नाताळपासून. जरा! जरा कुरकुरणारं तर माझंही सगळंच आहे, गुडघ्यापासून दातांपर्यंत.

आई गेल्यापासून आमचा एकही हिवाळा चुकला नाही. आजोबांच्या मासेमारीच्या तीन झोपड्या, त्यापुढे डोंगर. माथ्यावरच्या दगडांच्या ढिगाला हात लावायचा आणि परत फिरायचं. मी त्याच्यापेक्षा मोठी, मी निघते आणि हा घरात बसतो! लाज वाटू दे, असं तोंडावर म्हणाले. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "काडेपेटी तेवढी घे, हिल्का. बाकीचं आहे तिथे."

जसं काही मी शाळेतली पोर आहे.

९ फेब्रुवारी, रविवार. पहिली झोपडी

सकाळी निघताना अंगणापलीकडे त्याच्या खिडकीत दिवा नव्हता. म्हटलं झोपू दे आळश्याला.

हवा कोरडी, बर्फ कडक, स्की नुसत्या पळत होत्या. एकटीने गाडी ओढायची तर दम लागेल असं वाटलं होतं. छे! तळ्याच्या मध्यावर थांबून राय धान्याची भाकरी आणि रेनडिअरचं सुकं मांस खाल्लं, ते भूक लागली म्हणून. थकले म्हणून नव्हे.

आता गंमत. झोपडीत शिरले तर चुलीत लाकडं रचलेली! तसं यात नवल नाही, आमच्याकडे झोपडी सोडताना चूल रचल्याशिवाय कोणी दाराबाहेर पाय टाकत नाही. येणाऱ्याची बोटं गारठलेली असतात, त्याला नुसती काडी ओढता आली पाहिजे. पण गेल्या वर्षी इथली चूल मी रचली होती, आणि ही माझी नव्हे. मध्ये खोचलेली पेटवणाची कांडी आर्मासची आहे. तो डावखुरा. सुरीने अशी सोलतो की लाकडाचे लांब पापुद्रे कांडीला धरून राहतात आणि सगळे डावीकडे कुरळे होतात. जगात कोणाला जमणार नाही. माझे नेहमी तुटतात. मग तो विचारणार, "हे उंदराने कुरतडलं का?"

म्हणजे गडी पुढे गेलाय! कोणाची तरी बर्फावरची स्कूटर मागून आणली असणार आणि पहाटेच निघाला असणार. म्हणून खिडकीत अंधार! तिसऱ्या झोपडीत पाय पसरून बसेल आणि मी पोचले की म्हणेल, आलीस का म्हातारे.

दारासमोर बर्फाचा ढीग होता, मलाच उपसावा लागला. वाऱ्याचं काम. स्कूटरचा मागही त्यानेच पुसला असणार. पलंगावर उंदराच्या लेंड्या होत्या. त्या मात्र झाडून जायला काय झालं होतं त्याला?

१० फेब्रुवारी, सोमवार. दुसरी झोपडी

वाटेत रेनडिअर पाळणारा ऊला भेटला, जनावरं शोधत होता. त्याला विचारलं, आर्मास किती पुढे आहे? तो म्हणाला तुझ्यापुढे कोणीच नाही, मी सकाळपासून याच भागात आहे. मी म्हटलं, तुझं लक्ष जनावरांकडे. त्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, "आर्मासला मी शेवटचा पाहिला तो जनावरं गोळा करायच्या वेळी. पाठीवर मोळी होती आणि दगडावर बसला होता. बराच वेळ बसला होता."

मी म्हटलं, तो तेव्हापासूनच आळशी आहे! ऊला हसला नाही. त्याला कधीच विनोद कळत नाही.

इथेही चूल रचलेली. बर्च झाडाची साल, वर बारीक फाटे, मध्ये डावी कांडी. कॉफीची किटलीसुद्धा घासून पालथी ठेवलेली. चूल अगदी गार, म्हणजे लवकर निघालेला दिसतो. उद्या गाठते. मलाही बर्फ वाचता येतो म्हणावं! काय बोलायचं तेही ठरवलंय. 'हृदयरोग्याला स्कूटर चालते वाटतं?'

खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. तो नाही म्हणून शनिवारपासून चाललेली चिडचिड थांबली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वादळ. दार उघडत नाही. कॉफी, झोप, पुन्हा कॉफी.

१२ फेब्रुवारी, बुधवार. तिसरी झोपडी

तो इथे नाही.

दार लोटलं तेव्हा त्याला हाकही मारली होती. आत अंधार. खिडकीला आतून जाड बर्फ, महिनोन् महिने कोणी चूल न पेटवल्यासारखा. चूल मात्र रचलेली, बाजूला लाकडं छतापर्यंत. मी काडी ओढली, कांडी पुढे केली, आणि पापुद्र्यांत काहीतरी पिवळं दिसलं. बर्चचं पान. वाळलेलं, पण पिवळंधमक.

आत्ता फेब्रुवारीत कुठल्या झाडावर पान आहे? हे सप्टेंबरच्या पानगळीतलं. सोलता सोलता येऊन अडकलेलं.

काडीने बोट भाजलं तेव्हा भानावर आले.

सप्टेंबरमध्ये तो म्हणाला होता, मासे धरायला जातो. रिकाम्या हाताने आला आणि मी सबंध आठवडा त्याची चेष्टा केली. तेव्हाच तो तिन्ही झोपड्या चालला. पाठीवर लाकडं घेऊन. दगडावर बसत बसत, ऊलाने पाहिला तसा. पण हृदय तर नाताळनंतर कुरकुरायला लागलं ना? मग आपण फेब्रुवारीत येणार नाही, हे त्याला सप्टेंबरमध्येच कसं माहीत होतं?

मूर्ख मी. दारासमोरचा ढीग, गार चूल, लेंड्या, सगळं दिसत होतं. आणि म्हणे मला बर्फ वाचता येतो! त्याला लाज वाटू दे म्हणाले मी. तोंडावर म्हणाले.

चूल पेटवली. न पेटवून चालणार नव्हतं. कांडी मात्र खिशात ठेवली आणि दुसरी स्वतः सोलली. तुटलीच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आकाश लख्ख. माथा इतका स्वच्छ दिसत होता की दगड मोजता आले असते. वर गेले नाही. माझ्या हाताने चूल रचली आणि उलटी निघाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार. घरी

विचारलं, कधीपासून? म्हणाला ऑगस्टपासून. डॉक्टर म्हणाले होते, पुढचा उन्हाळा दिसेलच असं नाही. मला का नाही सांगितलंस? "मग तू गेली नसतीस."

सौनाची चूल आज मी रचली. माझी कांडी त्याने हातात घेतली, फिरवून पाहिली. आता तो उंदराचं विचारेल म्हणून मी वाट पाहत राहिले. तो म्हणाला, "छान झालीय." मला रडू आवरेना. मग काडी त्यानेच ओढली.