सोलोत बोलणारी आई

दादा,

नमस्कार केला असं धरून चाल, आज माझं डोकं फिरलंय.

आपल्या तिघांच्या त्या कार्यक्रमाचा अल्बम निघतोय, आणि माझा बासच्या जाड तारांवरचा सोलो कापायचा म्हणतोस, कारण मध्येच प्रेक्षकांतून आई बोलताना ऐकू येते. निरोपसुद्धा ड्रमरकरवी. सख्खा भाऊ ना तू माझा?

तुझा पियानो बावन्न मिनिटं चालतो, मी एकटा वाजवतो तो सोलो दीड मिनिट. लोकांसमोर जॅझ वाजवलं की लोकांचे आवाज येणारच. दुसऱ्या गाण्यात कुणाचा तरी ग्लास फुटला, तो तुला ‘जिवंत वातावरण’ वाटतो. आई तेवढी खुपते.

काल स्टुडिओत हेडफोन लावून तो तुकडा सात वेळा ऐकला. आई शेजारच्या बाईंना सांगतेय, “पियानोवाला माझा थोरला. मागे उभाय तो धाकटा. तो थांबला ना, की बाकीचे दोघं तोंडावर आपटतील.”

मला तोंडावर तिने आजवर ‘पोक काढून उभा राहू नकोस’ यापलीकडे काही म्हटलेलं नाही.

तुला हे तेव्हा ऐकू येणार कसं? माझा सोलो सुरू झाला की तू दर वेळी पाणी प्यायला आत जातोस.

हे पत्र बासच्या खोळीतच राहील. आईचं वाक्य माझ्या तोंडून आलं तर ती बढाई ठरेल. तुला फक्त निरोप धाडतो, ड्रमरकरवीच: कापण्याआधी तो तुकडा एकदा बसून ऐक. पाणी आधी पिऊन घे.

तुझा,
मागे उभा असलेला